म्हशीचं नाव सांगा, मगच आत या

संगणकाच्या बाबतीत पडेगावपासून चिकलठाण्यापर्यंत माझा हात धरील असा माणूस नाही! हे मी एकटाच म्हणतो असं नाही. मी हे इतक्या लोकांना सांगितलंय की आता तेही म्हणत असतील.

मी राजकुमार साळवे, शिवगोदा दूध संघाचा संगणक विभागप्रमुख. विभागात माणसं दोन. प्रमुख मी, आणि उरलेला विभाग म्हणजे श्रेया. दीड वर्षापूर्वी लागलेली, कमी बोलणारी आणि बोलली की नेमकं बरोबर बोलणारी मुलगी. अशी माणसं ऑफिसच्या शिस्तीला फार घातक असतात. पण मी सांभाळून घेतो.

आमचा कारभार सोपा आहे. जिल्ह्यात आमची एकसष्ट संकलन केंद्रं. सकाळी गावातली माणसं किटल्या घेऊन येतात, केंद्रचालक संगणकात शिरतो, मग इलेक्ट्रॉनिक काटा उघडतो, दूध मोजलं जातं, फॅट लागते, तिच्यावरून भाव ठरतो आणि आकडा थेट पडेगावच्या मुख्य ऑफिसात येतो. केंद्रचालक संगणकात शिरला नाही तर काटा उघडतच नाही. ही शेवटची सोय माझी. तेव्हा ती मला फार हुशारीची वाटली होती.

शिरायला एकसष्ट केंद्रांना मिळून पासवर्ड एकच होता: दूध१२३. काही ठिकाणी तो कॅलेंडरच्या वर खडूनं लिहिलेला होता आणि त्याच्या खाली 'चपला बाहेर काढा' अशी पाटी होती. म्हणजे चपलेला बंदी आणि चोराला मुभा!

आणि चोर आलाच. मार्चमध्ये लक्षात आलं की नोंदीत दूध घट्ट आणि टँकरमध्ये पातळ! रोज दुपारी कुणीतरी आत शिरून फॅटचे आकडे फुगवत होतं. कधी या केंद्राच्या पानावर, कधी त्या. पासवर्ड सगळ्यांचा एकच, त्यामुळं हात कुणाचा ते कळेना.

संघाचे अध्यक्ष बद्रीनाथ अण्णा. अण्णांचं शिक्षण बेताचं, पण आवाज कुलगुरूंचा. त्यांनी मला बोलावलं.

"साळवे, चोर आत कसा येतो?"

"अण्णा, दारातून."

"मग दार बंद करा की!"

असा स्पष्ट आदेश मिळाल्यावर मी पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथं एक क्लाउडवरची सेवा शिकवली. सेवा म्हणजे भाड्याचा द्वारपाल. तो बसतो कुठल्यातरी दूरच्या मोठ्या संगणकावर आणि राखतो आपलं दार. येणाऱ्याला काय विचारायचं, उत्तर बरोबर आलं की आणखी एक विचारायचं की आत सोडायचं, हे सगळं आपण ठरवायचं. अशा प्रत्येक प्रश्नाला तिथं 'चॅलेंज' म्हणतात. शिकवणारे सर म्हणाले, "दोन चॅलेंज पुरेत."

मी मनात म्हटलं, पुण्याला पुरत असतील. आम्ही पाच ठेवू!

आणि ठेवलीच. पहिलं, चौदा अक्षरी पासवर्ड, त्यात एक आकडा, एक चिन्ह आणि गावाचं नाव मात्र नको. दुसरं, चित्रं ओळखा, म्हणजे समोर माणूस आहे हे कळतं. तिसरं, गुप्त प्रश्न: तुमच्या पहिल्या म्हशीचं नाव काय? हा प्रश्न माझा स्वतःचा, आणि मला त्याचा अभिमान होता. चौथं, कॅमेऱ्यात बघून दोनदा डोळे मिचकवा, म्हणजे फोटो दाखवून कुणी फसवायला नको. पाचवं, मोबाइलवर येणारा सहा आकडी नंबर. पाचही पार पाडायला वेळ तीन मिनिटं. वेळ संपली की पहिल्यापासून. तीनदा हुकलं की खातं चोवीस तास बंद!

श्रेयानं माझा आराखडा वाचला.

"सर, तीन मिनिटं कमी पडतील. खेड्यात तो मेसेज यायलाच चार मिनिटं लागतात."

"श्रेया," मी खुर्चीत मागं रेलून म्हणालो, "ज्याला तीन मिनिटांत स्वतःची ओळख पटवता येत नाही, तो माणूसच संशयास्पद!"

"आणि सर, आत गेल्यावर कुणी कुठं जायचं, ते ठरवायचं राहिलंय."

"आधी आत तर येऊ दे कुणाला!"

ती आराखडा उचलून आपल्या जागेवर गेली. मी जिंकलो असं समजलो.

केंद्रचालकांची नोंदणी दोन दिवसांत उरकली. मीही स्वतःची केली. मी यंत्रणेचा मुख्य चालक, बंद पडलेली खाती उघडायचा अधिकार एकट्या माझा. म्हशीचा प्रश्न सगळ्यांनाच सक्तीचा केलेला, त्यामुळं मलाही चुकला नाही. माझा जन्म भर शहरातल्या उस्मानपुऱ्यातला. म्हशीशी माझा संबंध एवढाच की ती रस्त्यात बसली की मी गाडी वळवून घेतो. रविवारी घरी बसून मी विचार करत होतो. बायको, विशाखा, आतून तिसऱ्यांदा ओरडत होती की गॅस संपलाय आणि तुम्हाला काही पडलेली नाही. वैतागात मी रकान्यात काहीतरी टाकलं आणि मोकळा झालो.

उद्घाटनाला अण्णांनी अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला. सकाळी सहा. पडेगावच्या शीतकरण केंद्राच्या आवारात मांडव, संचालक मंडळ, नारळ, पेढे. केंद्रचालकांसाठी मी यंत्रणेला मराठी आवाजही दिला होता. एका बाईंचा गोड, शुद्ध आवाज. सगळ्यांना ऐकू जावा म्हणून तो मांडवातल्या भोंग्यांना जोडला. कौतुक काय एकट्यानं ऐकायचं असतं?

नारळ फुटला. पहिला प्रवेश अण्णांचा. पासवर्ड मी त्यांच्या कानात सांगितला. चित्रं मीच बोट धरून निवडली. म्हशीचं नाव त्यांनी एवढ्या मोठ्यानं सांगितलं की ते आता गुप्त राहिलेलं नाही. मग अण्णा कॅमेऱ्यापुढं उभे राहिले आणि ऐटीत दोनदा डोळे मिचकवले.

भोंगा म्हणाला, "चेहरा नोंदीशी जुळत नाही. कृपया मूळ व्यक्तीस बोलवा."

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. अण्णांनी समारंभासाठी आदल्या दिवशीच केस आणि मिशा काळ्याभोर करून घेतल्या होत्या. नोंदणीचा फोटो मागच्या आठवड्यातला. त्यात अण्णा पांढरेशुभ्र, हिवाळ्यातल्या कापसासारखे!

हे सगळ्यांना दिसत होतं, बोलायची छाती कुणाची नव्हती. शेवटी मागच्या रांगेतून एक म्हातारे संचालक म्हणाले, "मूळ माणूस घरीच ऱ्हायला वाटतं!"

"साळवे," अण्णा दातांतून म्हणाले, "यंत्राला समजावा."

यंत्राला काय समजावणार? दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्या वेळी अण्णांनी डोळे इतके जोरात मिचकवले की मिशीचा रंग गालाला लागला. भोंग्यातल्या बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाल्या, "संशयास्पद व्यक्ती आढळली आहे. खाते चोवीस तासांसाठी बंद करण्यात येत आहे. धन्यवाद."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

मी अण्णांना पेढा देऊन "किरकोळ अडचण" एवढंच म्हणतोय, तोच माझा फोन वाजला.

"साहेब, मी दगडाबाई बोलते, देवगाव रंगारीहून."

दगडाबाई म्हणजे तिथल्या केंद्राच्या चालक. बासष्ट वर्षांच्या, पंचवीस वर्षं केंद्र चालवणाऱ्या. त्यांच्यापुढं पाणी घातलेली किटली ठेवायची गावात कुणाची टाप नाही.

"बोला मावशी! कसं वाटलं नवं यंत्र?"

"ते मला हापसा इचारायलंय."

"हापसा?"

"नऊ फोटू हायत. म्हणतंय, अग्निशामक नळखांब निवडा. म्या समद्या गावाला दाखवलं. तो लाल, बुटका हापसा म्हणायचा का त्याला? दांडाच नसलेला?"

"तोच, मावशी! तोच निवडा!"

"बिनदांड्याचा हापसा कोण बसवतं साहेब? बिल काढायला बसवला आसंल."

"मावशी, वेळ चाललाय! पुढं चला."

"चालले. आता म्हशीचं नाव इचारतंय. पहिली म्हैस म्हंजी माहेरची का सासरची?"

"नोंदणीत जी सांगितली ती!"

"म्या चंद्री सांगितलं. तुमच्या माणसानं चंद्री लिहिलं, चांद्री लिहिलं का चंदरी, मला काय ठावं? थांबा... घेतलं. चांद्रीच लिहिलं मेल्यानं."

"शाब्बास! आता दोनदा डोळे मिचकवा."

पलीकडं कुणाच्यातरी किटलीचं झाकण खाली पडलं.

"मावशी?"

"या वयात? भरल्या केंद्रात? चाळीस गडी उभे हायत साहेब, किटल्या घिऊन!"

"त्यांच्याकडं नाही हो! यंत्राकडं बघून!"

"यंत्राच्या मागं पाटलाचा म्हातारा उभा हाय!"

मी हात जोडले. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, तरी जोडले. पाटलाच्या म्हाताऱ्याला बाजूला केलं गेलं. दगडाबाईंनी डोळे मिचकवले असावेत, कारण पाठीमागं मोठा हशा पिकला आणि त्यावर दगडाबाईंची एक शिवी ऐकू आली. ती काही मला इथं लिहिता येणार नाही.

"आता मोबाइलवर नंबर आला आसंल म्हणतंय."

"सांगा की मग नंबर!"

"मोबाइल तर कृष्णाचा दिलाय ना, माझ्या पोराचा. तो वाळूजला कंपनीत. पहिली पाळी. फोन गेटावर काढून घेत्यात. दोनला सुटतो."

"दोनला?"

"आन् हे बघा, आता म्हणतंय वेळ संपली, पहिल्यापासून सुरुवात करा."

"करा मग मावशी..."

"तुम्हीच करा साहेब. मी दूध घेते." आणि फोन बंद!

नंतर फोन थांबेचनात. कुणाला पासवर्डातलं चिन्ह सापडत नव्हतं. कुणी मुळात म्हैस पाळलीच नव्हती, त्याची गाय होती आणि तो तत्त्वाला अडून बसला होता. एकानं केंद्रात अंधार म्हणून रस्त्यावर जाऊन डोळे मिचकवले, तिथं त्याची मेहुणी उभी होती. ज्यांनी चार पायऱ्या पार केल्या, त्यांचा मेसेज चौथ्या मिनिटाला येत होता. वेळ तिसऱ्याला संपलेली! पावणेसातपर्यंत पन्नासच्या वर खाती बंद पडली. मे महिना, पारा दुपारी बेचाळीसला जाणारा. किटल्यांतलं दूध फार तर साडेदहापर्यंत तग धरणार. त्यानंतर जिल्हाभर पनीर!

आमच्या टँकरचालकांचा म्होरक्या खलीलभाई किल्ली फिरवत आला. "साब, सब टँकर खाली खडे हैं. हवा भर के लाऊं क्या?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत माझी पुढची वीस वर्षं दिसत होती, आणि ती संघात दिसत नव्हती.

"अण्णा, चिंता नको!" मी म्हणालो. "बंद खाती उघडायचा अधिकार माझ्याकडं आहे. दोन मिनिटांत सगळी मोकळी करतो!"

मी खुर्चीवर बसलो. मागं अण्णा आणि अकरा संचालक. या सगळ्या गडबडीत श्रेया तीनदा माझ्याजवळ आली आणि "सर..." म्हणाली. तिन्ही वेळा मी हातानंच थांबवलं. तिसऱ्यांदा तर तिच्या हातात पेढ्यांचं ताट दिलं.

पासवर्ड टाकला. चित्रं ओळखली. म्हशीचं नाव टाकलं. चूक! पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा म्हशीचं नाव, पुन्हा चूक! आता एकच संधी राहिली. त्या रविवारी वैतागात काय टाकलं होतं ते मला आठवत होतं, स्पेलिंग आठवत नव्हतं. मी फोन लावला. घाईत चुकून स्पीकर सुरू झाला.

"विशाखा, एक सांग. तू तुझं नाव इंग्रजीत कसं लिहितेस?"

पलीकडून आवाज आला, "सकाळी सात वाजता? कशाला?"

"काम आहे. के नंतर एच लावतेस ना?"

"लग्नाला नऊ वर्षं झाली हो!"

"ते संध्याकाळी बोलू. के नंतर..."

"आधी काम काय ते सांगा." मग आवाजात एकदम गोडवा आला. "काय हो, माझ्या नावानं काही घेताय का? त्या बीड बायपासच्या फ्लॅटचं का?"

मी उत्तर शोधत होतो. तेवढ्यात अण्णांचा धीर सुटला. ते माझ्या खांद्यावरून वाकले आणि आपल्या त्या कुलगुरूंच्या आवाजात फोनमध्ये ओरडले, "अहो ताई, इथं म्हशीच्या नावाच्या जागी टाकायचंय! लवकर सांगा, दूध नासायलंय!"

अकरा संचालकांनी एकदम मांडवाच्या छताकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. जमीन दुभंगायची शक्यता नव्हती, आवारातली फरशी नवी होती.

"व्ही," विशाखा म्हणाली. आणि थांबली.

"आय." पुन्हा थांबली. प्रत्येक अक्षर फोनमधून येऊन माझ्या कानशिलात बसत होतं. "एस. एच. ए. के. एच. ए." मोठा श्वास. "झालं? घरी या."

मी शेवटचा ए टाकला. उत्तर बरोबर होतं! आणि नेमकी तेव्हाच तीन मिनिटं संपली.

"संशयास्पद व्यक्ती आढळली आहे," भोंगा सगळ्या आवाराला म्हणाला. "खाते चोवीस तासांसाठी बंद करण्यात येत आहे. धन्यवाद."

आता जगात कुणीही, कुठूनही, आमच्या संघात शिरू शकत नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या बघाल तर हे माझं सर्वांत मोठं यश होतं.

"सर," श्रेयानं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. "आता बोलू का?"

"बोला बाई, बोला!" अण्णा म्हणाले.

"ज्या खात्यावर ही सगळी सेवा भाड्यानं घेतलीय, ते मूळ खातं माझ्याच नावानं उघडलंय. त्याला ही पाच चॅलेंज लागत नाहीत, आणि तिथून सगळ्यांची मुदत वाढवता येते, बंद खातीही उघडता येतात."

"तुझ्या नावानं? कुणी सांगितलं?" मी ताडकन उठलो.

"तुम्हीच, सर. फॉर्म मोठा होता, तुम्हाला कंटाळा आला होता. सहीपण केलीत."

ती माझ्या खुर्चीत बसली. तीन मिनिटांची तीस केली, बंद खाती उघडायला घेतली. त्यातही वेळ लागला, कारण एकेक खातं वेगळं उघडायचं असंही मीच ठरवून ठेवलं होतं. पहिली दहा उघडली तेव्हा साडेआठ वाजत आले होते. मी त्या केंद्रांना फोन लावायला सुरुवात केली. "चालू झालं! शिरा आता!"

"कशाला?" पहिला म्हणाला. "दूध तर घेतलं."

"घेतलं? काटा कसा उघडला?"

"काटा कशाला पायजे? देवगावच्या दगडाबाईनं फोन केला. म्हणली, जुन्या वह्या काढा, मापं धुवून घ्या, लॅक्टोमीटर लावा आन् लिहून घ्या. समद्या केंद्रांना कळवलंय तिनं."

मी दुसऱ्याला लावला. तेच. तिसऱ्याला लावला, तो म्हणाला, "साहेब, जरा फोन ठिवा, दगडाबाईचा फोन यायलाय."

झालं होतं असं, की माझा फोन आपटून दगडाबाईंनी माळ्यावरची वही काढली होती. आपलं दूध घेता घेता शेजारच्या केंद्राला सांगितलं, त्यानं पुढच्याला. साडेसातला तर खलीलभाईला आणि बाकीच्या टँकरवाल्यांनाही त्यांनीच परस्पर फोन करून कुठलं गाव आधी, कुठलं नंतर ते सांगून टाकलं होतं. मी मागं वळून पाहिलं, आवारात एकही टँकर नव्हता! सव्वादहापर्यंत सगळं दूध पडेगावात आलं. एक किटलीसुद्धा नासली नाही. नासलं ते फक्त माझं तोंड.

दुपारी मी खोलीत बसून राजीनाम्याची वाक्यं जुळवत होतो. तेव्हा श्रेया कागद घेऊन आली.

"सर, सकाळी एक लॉगिन झालंय. तुमच्याच नियमांनी. पाचही चॅलेंज पार. वेळ एक मिनिट चाळीस सेकंद."

मी खुर्चीतून उडालो! "बघितलंस? मी म्हणत नव्हतो? यंत्रणा चालते! लोकच कच्चे! कोण आहे हा पठ्ठ्या?"

"गंगापूर रस्त्याचं केंद्र. कडूबा."

कडूबा म्हणजे त्या केंद्राचा चालक. केसांना तेल, बोलायला साखर. मी तिच्या हातातला कागद ओढून घेतला आणि त्याला तडक फोन लावला.

"कडूबा, अभिनंदन! एकसष्टांत तुम्ही एकटे! कसं जमवलं?"

"त्यात काय साहेब!" कडूबा लाजला. "तीन मोबाइल हायत, फायबरचं नेट हाय. आन् रोजचा सराव हाय की!"

"ऐकलंस?" मी श्रेयाला म्हणालो. "याला म्हणतात निष्ठा! कडूबा, तुम्हाला प्रमाणपत्र देऊ. बाकीच्यांना तुम्हीच शिकवायचं!"

"शिकवू की, साहेब!"

मी फोन ठेवला आणि प्रमाणपत्रावर कुठल्या रंगाची किनार शोभेल याचा विचार करू लागलो. श्रेया तशीच उभी होती.

"सर, खालची ओळ वाचलीत का? दुपारी एक वाजता ते देवगाव रंगारीच्या पानावर गेलेत. तुम्ही आत कुणालाच कुठं अडवलेलं नाही ना. तिथं त्यांनी अतुल नावाच्या माणसाच्या दोन किटल्या लिहिल्यात. फॅट नऊ पूर्णांक दोन."

"मग?"

"सर, देवगावचा काटा आज उघडलाच नाही."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. आमच्याकडं वीज येते तसा, दोनदा जाऊन. आम्ही दगडाबाईंना फोन लावला.

"मावशी, आज अतुलनं किती दूध घातलं?"

"कोण, कडूबाचा साडू? तो परवाच लग्नाला गेलाय पैठणला. म्हशी तर महिन्यापासून आटल्यात त्याच्या. वहीत नावबी नाय."

म्हणजे चोर सापडला होता! एरवी दिवसाला शेकडो नोंदी, त्यात कुठल्या खोट्या ते ओळखणं म्हणजे दुधात पाणी शोधणं. आज नोंदी फक्त एकाच माणसाच्या होत्या. साठ सरळ माणसं बाहेर आणि आत एकटा चोर!

मी अण्णांकडं जाईपर्यंत राजीनाम्याचा कागद फाडून टाकला होता. आणि खोटं कशाला बोलू, जिन्यात माझी चालही बदलली होती.

"अण्णा, चोर धरला."

"आँ? कसा?"

"सापळा होता," मी शांतपणे म्हणालो. "आधी सांगितलं असतं तर बातमी फुटली असती."

अण्णा माझ्याकडं पाहत राहिले. "म्हणजे माझं खातं बंद पडलं, ते..."

"नाटक जमायला हवं होतं, अण्णा. तुमच्यामुळंच ते खरं वाटलं."

अण्णांचा चेहरा खुलला. सकाळपासून त्यांना कुणीतरी हेच सांगायला हवं होतं. दारात श्रेया उभी होती. ती काही बोलली नाही. पण ती ज्या पद्धतीनं काही बोलली नाही, ते मला अजून आठवतं.

कडूबाला काढलं. महिन्याच्या सभेत माझा सत्कार ठरला. शाल, नारळ, 'सायबर रक्षक' असं लिहिलेलं मानचिन्ह. श्रेयाला गुलाबाचं फूल. दगडाबाईंनाही बोलावलं होतं. आपत्काळात सहकार्य केल्याबद्दल नारळ. अर्धा तास अण्णा माझ्या दूरदृष्टीवर बोलले. मी मान खाली घालून नम्रपणे प्रत्येक शब्द मोजत होतो. मग त्यांनी दगडाबाईंपुढं माइक धरला. "दोन शब्द बोला बाई."

दगडाबाईंनी पदर सावरला.

"साहेबांनी चोर धरला, लई चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "पर कडूबा दोन वरसं आकडे फुगवायलाय, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठावं हाय. त्याचा साडूच पारावर बसून सांगायचा. एक फोन करून इचारलं आसतं, तर म्या तवाच नाव सांगितलं आसतं. कुणी इचारलंच नाय. मला इचारलं ते म्हशीचं नाव."

माइक परत देऊन त्या जागेवर जाऊन बसल्या. मग अण्णांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.

घरी आलो तेव्हा अंगावरचा सदरा पार भिजलेला. विशाखा त्या सकाळपासून माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. तिनं मला वरून खालपर्यंत पाहिलं.

"उकाडा फार होता सभागृहात," मी म्हणालो. "घाम काही थांबेना."

झाला प्रकार तिला कळला होता. श्रेयाचा आणि तिचा फोन असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

"असू द्या," ती म्हणाली. "पुसायला शाल तरी मिळाली!"